हीटरवरच्या वड्या

गोंदिया स्टेशनच्या बाकावर देवानंद गाडीची वाट पाहत होता. शेजारी सौंदडच्या दुर्पताबाई आणि त्यांची धाकटी जाऊ रुख्मा. दुर्पताबाई जर्मनीहून, लेकाकडून, नीलेशकडून परतत होत्या. देवानंदचे कान तिकडेच लागले.

"तेथं चूल नाही, तं अंघोळीचं पाणी कायवर तापवत वो?" रुख्मानं विचारलं.

"तळघरात एकच बॉयलर. नळाले गरम पाणी, अन् भिताडाच्या लोखंडी हीटरातही गरम पाणीच फिरते. सारी खोली उबदार."

"बरं हाय मंग."

"कायचं बरं? एवढी ऊब फुकट जाऊन राहिली होती. मी त्याच्यावर डाळ-हिंग घातलेल्या कोहळ्याच्या वड्या वाळू घातल्या."

"बाई वो. नीलेश काही म्हणला नाही?"

"हिंगाचा वास पाच माळे चढला. घरमालक आला, म्हणे खोली खाली करा. नीलेशचं तोंड एवढुसं झालं."

"मंग?"

"मंग मी मालकाले बसवलं, वड्यांची भाजी वाढली. नाक लाल झालं, पण ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचा हीटरही वड्यांसाठी देऊन टाकला. आता तोच खोली सोडू नका म्हणून हात जोडते."

"अन् तो थंडीत?"

"आमच्याच घरी, घोंगडं पांघरून, कढईजवळ."

"फेकून राहिली तू, बाई."

"खालच्या माळ्यावरची कोरियाची पोरगी साक्षी हाय. तिच्या देशात तं घराची जमीनच तापते, खालून गरम पाणी फिरते. तिच्या मायनं मले बलावलं."

"अख्खी जमीन?"

"अख्खी. एवढे कोहळे आणू कोठून, हाच घोर हाय."

देवानंदला राहवलं नाही.

"मावशी, बोदलकशाले माझी कोहळ्याची वाडी हाय. किती पाठवू?"