तांदळाच्या डब्यातलं मशीन

— अगं मालोती, ती सकाळची माशाची ओली पिशवी आधी मोरीत टाक. आणि बोल मोठ्यानं, आत जेवताहेत ते, त्यांना कुठं काय ऐकू येतंय! कुणाला विचारून ह्यांना बाजारात नेलंस? हट्ट केला? अगं, आया म्हणून ठेवलंय तुला, सांभाळायला, फिरवायला नाही. डॉक्टर म्हणाले — डॉक्टरांचं काय जातं सांगायला? चालवा, चार माणसांत बसवा, गोड कमी, दुपारची झोप कमी, कानाला मशीन लावा — ऐकू आलं नाही की मेंदू सुस्तावतो म्हणे. सुस्तावू दे की! ऐंशीला टेकलाय माणूस, आता काय परीक्षेला बसायचंय? मी छळते का त्यांना? मागितली की संदेश मिठाई, दिवसभर टीव्ही, जेवण झालं की पडदे ओढून झोप — राजासारखं ठेवलंय.

पूर्वीचे ते तुला माहीत नाहीत. रोज सकाळी स्वतः बाजारात, कल्ले उघडून इलिश मासा निवडायचे, आणि पानावर बसले की — कालवणातली मोहरी कडू झाली, तुकडा मोडला, माझ्या आईच्या हातचं असं नव्हतं. लग्न झाल्यापासून एक घास मुकाट्यानं गिळला नाही गं! दाराबाहेर ओट्यावर दोस्तांसमोरही तेच, सगळे खिदळायचे. आणि आता? साधा रुई मासा वाढून इलिश म्हटलं तरी 'वा, छान'. कसं शांत झालंय घर. परवा तर मला 'आई' म्हणाले. — वाईट कशाला वाटेल? आईला नावं ठेवत नाहीत ते.

काय? आज बाजारात मासा परत केला? मासेवाल्याला आवाजावरून ओळखलं? आवाज कसा ऐकू आला?

मशीन. कुठं मिळालं तुला? तांदूळ काढताना... हां. हरवलं होतं ते. अशी बघू नकोस माझ्याकडे, म्हातारपणी कुठली वस्तू कुठं जाईल सांगता येतं का? आणि आता — आत्ता कानात आहे? म्हणजे मघापासून...

थांब. ऐकलंस? 'बेला, मोहरी कडू झालीय.' बेला म्हणाले. दोन वर्षांनी माझं नाव आलं तोंडात, तेही — मोहरी कडू म्हणून.

जा, ते कानातलं काढून आण. नाही आणत? बरं. मी काढते. तू उद्यापासून येऊ नकोस. सेंटरला सांगते मी, दुसरी पाठवा, कमी बोलणारी. आणि जाताना तेवढे पडदे ओढ — झोपायची वेळ झालीय त्यांची.