वाळुंजाची बुरशी

भाऊबंदकीचं काय सांगता मले, माह्या वाळुंजाचं ऐका. रोहिणखेडच्या वावरात, नाल्याकाठच्या धुऱ्यावर ते झाड माह्या आज्यानं लावलेलं. औंदा त्याचा शेंडा वाळाले लागला, पानं पिवळी पडून गळाले लागली. मी म्हटलं, बुरशी असन. वाळल्या फांद्या छाटल्या, कापल्या जागी बोर्डो मलम लावलं. धुऱ्यापलीकडचं वावर माह्या चुलतभावाचं, गजाचं. तो रोज येऊन इचारे, "दादा, कसं हाये झाडाचं?" सोताहून शिडी धरे अन् म्हणे, "लय जबर बुरशी हाये, वाचत नाही ते."

एक दिवस बुडाशी मलम लावताना मातीनं बुजवलेलं भोक दिसलं. चाकूनं कोरलं त आतून हिंग निघाला. खोडाले भोक पाडून हिंग भरला की झाड मरते, हे आपल्याकडं लेकरालेही ठाऊक असते.

"गजा," मी म्हटलं, "बुरशीले फोडणीचा वास काऊन येऊन राह्यला बे?"

शिडी न सोडता तो म्हणे, "माह्या तुरीवर सावली पडे ना, दादा."

झाड गेलं. परवा भर उन्हात भाकर खाता खाता मलेच म्हणे, "दादा, धुऱ्यावर एखादं सावलीचं झाड लाव ना."