लिंबू लावलेली कट्यार

भावकू : शामूचं काय धरून बसलाय, जमादार? त्यो आमच्या गावचा न्हावी. तुमच्या शिपायानं त्येला इचारलं, जवळ हत्यार हाय का. त्यो म्हनला, हायती की, पेटीत. वस्तरा, कातर, नराणी, ह्येलाच त्यो हत्यारं म्हंतोय. बापजाद्यापास्नं म्हंतोय.

जमादार : ते मला कळलं. पेटी बघितली, माघारी दिली. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाय.

भावकू : मग सोडा की वऱ्हाड.

जमादार : हत्यार हाय असं एकानं म्हटल्यावर सगळ्यांची झडती घ्यावी लागली. झडतीत नवरदेवाच्या हातात कट्यार निघाली.

भावकू : निघाली म्हंजी? आमी काय लपवली व्हती व्हय? टोकाला लिंबू लावून उभी धरलीया त्येनं. लांबनं दिसत हुती.

जमादार : लांबून मी बघितलं नव्हतं. आता बघितलं. आता मला जप्त करावी लागंल.

राजाबाई : ती त्येच्या हातातनं काढायची न्हाय.

जमादार : तुम्ही कोण, आक्का?

राजाबाई : मी त्येची आत्या, राजाबाई. आईबापामागं मीच वाढीवलाय त्येला. आन् ह्यो बडबड्या भावकू, त्येचा मामा. अंगाला हळद लागल्यापास्नं अक्षता पडंस्तवर नवरदेवाच्या हातात लोखंड पाहिजे. घटकाभर सुदिक हात रिकामा ऱ्हायचा न्हाय. तुमच्यात न्हाय व्हय ही रीत?

जमादार : आमच्यात बी हाय. मी कडोलीचा. मी सुद्धा धरली होती.

भावकू : मग? आवं, गेल्या वैशाखात माझी लेक हिकडंच दिली. तवा वऱ्हाड ह्याच नाक्यावरनं आमच्याकडं आलं, मी शिवंवर सामोरं आलतो. जावयाच्या हातात कट्यार हुती, उघडी. तुमीच हुता हितं. तुमी पान घेतलंसा माझ्याकडनं.

जमादार : घेतलं असंल. तेव्हा हुकूम निराळा होता.

भावकू : एका वर्सात कायदा बदलतोय?

जमादार : एका वर्षात दोनदा बदललाय. नीट ऐका. पहिला हुकूम होता तो बेळगाव शहरापुरता. बाजारात, कॅम्पात चाकू-सुरा बाळगायचा न्हाय. खेड्याला काही नव्हतं. दिवाळीनंतर तो सगळ्या जिल्ह्याला लावला, पण म्यानात असलं तर चालायचं. शिमग्यापासून म्यान असलं तरी चालत न्हाय. चार इंचाच्या वर पातं आणि टोक असलं की झालं. सगळीकडं दंगेधोपे चाललेत, म्हणून केलाय.

भावकू : दंगा म्हमईला, आन् झडती आमची.

जमादार : हुकूम सगळ्यांना एकच हाय.

भावकू : आन् पल्याड, आमच्या संस्थानात? तितं तर कोण कायबी म्हनलं न्हाय. सकाळधरनं कट्यार घेऊन देवदर्शन केलं, गावातनं मिरवला.

जमादार : पल्याड तुम्ही तलवार नाचवा. त्यो दगड बघितला का, चुना लावलेला? त्याच्या पल्याड संस्थान, अल्याड खालसा, म्हणजे इंग्रजाचा मुलूख. माझी हद्द दगडापर्यंत. पल्याड मी पाऊल बी टाकत न्हाय.

भावकू : चार पावलावर कायदा बदलतोय. काय म्हनायचं ह्येला.

राजाबाई : जमादार, आत्ता ती बैलगाडी गेली. पारिसाआप्पा सदलग्याचा. त्येच्या गाडीत हातभर कोयता हुता, धार लावल्याला. तुमी त्येला रामराम केलासा.

जमादार : कोयता अवजार हाय, आक्का. शेतीची, धंद्याची अवजारं हुकमातनं वगळलीत. कट्यार हत्यार हाय.

राजाबाई : आमच्यात अवजारालाच हत्यार म्हंत्यात. शामूनं म्हनूनच व्हय म्हनलं.

जमादार : तिथंच तर सगळा घोळ झाला. त्यो न्हाय म्हणाला असता, तर माझ्या शिपायानं कुणाच्या हाताकडं बघितलं नसतं.

भावकू : आवं, आन् ही कट्यार तरी कसली! विळ्याचं पातं ठोकून लोहाराकडनं करून घेतलीया. लिंबू टोचायचं म्हनलं तर त्येला दोन डाव जोर लावाय लागला. धार न्हाय, कायबी न्हाय.

जमादार : विळाच घेऊन आला असता, तर सोडला असता.

राजाबाई : घरची जुनी कट्यार हुती, चांगली. ती तुमच्याच लोकांनी न्हेली. ह्येच्या थोरल्या भावाच्या, जोतिबाच्या लग्नात. लढाई चालू हुती तवा. अशीच वाटंत धरली, आन् घेऊन गेलं. माघारी काय मिळाली न्हाय.

जमादार : मग?

राजाबाई : मग काय. ह्याच मामानं घाई केली. मुहूर्त टळंल म्हनला. जोतिबा तसाच मांडवात गेला, रिकाम्या हातानं. वरीस भरायच्या आत पटकीनं गेला.

भावकू : आक्का, पटकीनं निम्मं गाव गेलं त्या साली.

राजाबाई : गेलं. मला ठावं हाय. कट्यार नव्हती म्हनून गेला असं मी म्हंत न्हाय. पर मला भ्या वाटतंय, भावकू. पुन्यांदा एक पोरगं रिकाम्या हातानं मांडवात धाडायचं माझ्यात बळ न्हाय. त्यापरास लगीन मोडलं तरी चालंल.

भावकू : काय बोलतीस! मांडव हितनं दिसाय लागलाय. ती बघ वाडी. गोरज मुहूर्त हाय, दिस कलला. पोरीचा बाप वेशीत येऊन थांबला असंल.

जमादार : मी लगीन मोडा असं म्हणत न्हाय. माघारी फिरा, दगडाच्या पल्याड जावा, कट्यार तिकडं कुणापाशी तरी द्या आणि या. मी अजून कागदावर काय लिहिलं न्हाय.

राजाबाई : नवरदेव माघारी फिरत नसतोय.

जमादार : चार पावलं.

राजाबाई : एकबी न्हाय.

जमादार : बघा आता. पुढं मी सोडू शकत न्हाय, मागं तुम्ही जात न्हाय, आणि कट्यार हातातनं काढायची न्हाय. मी काय करू? साहेबाची मोटार कधी येईल नेम न्हाय. माझी नोकरी हाय, आक्का.

राजाबाई : तुमच्या हुकमात अडकित्ता हाय काय?

जमादार : अडकित्ता?

राजाबाई : सुपारीचा. हा बघा, माझ्या चंचीतला.

जमादार : अडकित्त्याला टोक न्हाय. अडकित्त्याचं नाव हुकमात कुठं न्हाय.

राजाबाई : लोखंडच की.

भावकू : आक्का, कट्यार ती कट्यार. लोक काय म्हनतील, सुपारी कातरत आला नवरदेव?

राजाबाई : म्हनू देत. गरिबाघरी अडकित्ताच धरत्यात. परशराम, हिकडं बघ. मूठ सोडू नगंस अजून. डाव्या हातात आदी ह्यो अडकित्ता धर. धरलास? घट्ट धर. आता लिंबू काढ आन् अडकित्त्याच्या पात्यात बशीव. असं. आता कट्यार दे माझ्याकडं. डोळं कशाला भरून आणतोयस? दे.

जमादार : आक्का, आता ती तुमच्या हातात आली. बाळगणारं बाईमाणूस असलं तरी हुकूम त्योच.

राजाबाई : मी काय नवरदेव न्हाय. मला माघारी फिरता येतंय.

भावकू : म्हंजी? आगं, तू मांडवात येत न्हाईस?

राजाबाई : कट्यार एकटी बसंल व्हय दगडापाशी? कुणीतरी पाहिजे की. आन् मी रांडमुंड बाई, मला अक्षतेच्या येळंला पुढं कोण घेणार हुतं? मागं भिताडाला टेकून बसायचं, ते हितं बाभळीला टेकून बसते. तू न्हे त्येला. मामाचं काम हाय ते.

भावकू : तू वाढवलास आन् तूच न्हाईस. मला न्हाय हे बरं वाटत, आक्का.

राजाबाई : मलाबी न्हाय वाटत. जा आता, मुहूर्त टळंल.

जमादार : मी तंबाखू मळायला घेतो. माझं लक्ष माझ्या तळव्याकडं. तोवर तुम्ही चार पावलं जावा, आक्का.

(वऱ्हाड वाडीकडं गेलं. राजाबाई दगडापल्याड बाभळीखाली बसलेली, जमादार अल्याड नाक्याच्या पायरीवर.)

जमादार : पाणी पाहिजे का, आक्का?

राजाबाई : नगं.

जमादार : ती कट्यार खाली ठेवा की आता. तिथं तुम्हाला कोण काय म्हणत न्हाय.

राजाबाई : अक्षता पडंस्तवर खाली ठेवायची न्हाय.

जमादार : नवरदेवाच्या हातात लोखंड दिलंय की तुम्ही.

राजाबाई : दिलंय. ते हुकमापुरतं. ही माझ्या मनापुरती.

जमादार : उगं असं उभी धरून बसलात. मांडीवर तरी आडवी घ्या.

राजाबाई : त्येनं उभी धरली असती. आन् जमादार, एक इचारू? पुढच्या सालाला ह्येच्या धाकट्या भावाचं लगीन काढायचं हाय. तवर बदलंल काय ह्यो हुकूम?

जमादार : बदलंल. कुणीकडं बदलंल ते मला बी सांगता येणार न्हाय. इंग्रज जाणार म्हणत्यात. त्यो दगड तरी ऱ्हातोय का न्हाय, कुणास ठाऊक.

राजाबाई : दगड गेला तर बरं हुईल. वाटंत लई मधी येतोय.

जमादार : सुपारी हाय का चंचीत?

राजाबाई : हाय. पर अडकित्ता मांडवात गेलाय.

जमादार : व्हय, इसरलोच.

राजाबाई : अंधार पडाय लागला. अजून कसं वाजंना?

जमादार : वाजंल. भटजी जरा लांबवतात. थांबा. हं, ऐका. ताशा. वाजला बघा.

राजाबाई : पडल्या अक्षता?

जमादार : पडल्याशिवाय ताशा वाजवत न्हाईत. ठेवा आता खाली, आक्का.

राजाबाई : ठेवते.

जमादार : ठेवा की.

राजाबाई : मूठच उघडंना झालीया, जमादार. बोटं आखडल्यात. हितं दुसरं कोण माणूसबी न्हाय.

जमादार : थांबा. हा सरकारी पट्टा काढून ठेवतो, मग तिकडं येतो.