रेमेईचं नाक

पुतळे जाळायचा सण आमच्या वालेन्सियात दोन-चार दिवसांवर आला होता. भोपळ्याचे गुलगुले तळणाऱ्या गाडीपुढच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. त्याच्या नखांत पुतळ्यांचा रंग अजून होता.

"बातिस्त, खरं सांग. प्रदर्शनातल्या त्या भांडकुदळ बाईला माझं तोंड लावलंस ना?"

"रेमेई, हळू बोल. लोक बघताहेत."

"बघू देत! एका हातात चप्पल, दुसरा कमरेवर, आणि नाक तर पोपटाला लाजवेल असं! पाववालासुद्धा मला बघून हसतो."

"अगं, सणाला सगळेच पुतळे जळतात."

"म्हणून तर गप्प बसलेय. जळू दे एकदाची ती बया!"

"ती नाही जळणार."

"म्हणजे?"

"लोक दरवर्षी मतं देऊन एक पुतळा आगीतून वाचवतात ना? यंदा तुझा वाचला. आता तो कायमचा संग्रहालयात."

"अरे देवा! म्हणजे पतवंडंसुद्धा ते नाक बघणार! मतं दिली तरी कुठल्या गाढवांनी?"

"एक मी दिलं."

"तू?"

"तुला जाळायला मन धजेना गं."

गाडीवाल्याने पुडा पुढे केला. तो तिने घेतला.

"मेल्या, मग नाक तरी नीट करायचंस!"