एक लॉक उरलं

...नाही, त्या खुर्चीवर नको, ऑइल सांडलंय तिच्यावर. ह्या इकडच्या खुर्चीवर बसा. फक्त टेबलाला धक्का लावू नका, इंजिन आहे वर. जेवायचं टेबल म्हणायचं नुसतं, मी आता ओट्यापाशी उभ्यानंच खाते — एकट्या माणसाला कशाला लागतंय टेबल? तर काय म्हणत होते — टेम्पो आणलाय तुम्ही, दिसतोय मला खिडकीतून, आणि भावोजींनी तुम्हाला मोटरसायकल विकायचा शब्द दिलाय, तेही खरं. पण गाडी ह्यांची, माझ्या नवऱ्याची, आणि शब्द देणार धाकटा भाऊ, आणि विचारणार मला कोणीच नाही. माणूस चांगला आहे हो. मला म्हणाले, वहिनी, घरात इंजिन उघडून बसता, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, सांगा लोकांना, वहिनी भरतकाम करतेय.

आणि उघडलं मी नाही. उघडलं ह्यांनीच. धूर फार मारायला लागली होती गाडी. तिकडे हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून, जो भाग काढला तो त्याच क्रमानं ओळीत ठेवायचा, ही ह्यांची पद्धत — म्हणायचे, लावताना ह्याच वाटेनं उलटं चालत यायचं, चुकायला होत नाही. आणि अर्ध्यातच छातीत दुखतंय म्हणून आत जाऊन पडले, ते पडलेच. मग माणसं भेटायला येणार म्हणून जाऊबाईंनी ते वर्तमानपत्र चारी कोपऱ्यांनी उचललं आणि सगळं बादलीत ओतलं. त्यांचा तरी काय दोष, आलेल्यांना बसायला जागा नको? पण वाट मोडली ना. मी आतून आवाज ऐकला फक्त, खळ्ळकन. उठून आडवं जायचंही सुचलं नाही.

बादली नंतर पुढ्यात घेतली, तेव्हा मला नट आणि बोल्टमधला फरकसुद्धा धड कळत नव्हता. आता बघा — हा पिस्टन, तो आत आहे, दिसणार नाही तुम्हाला — त्याच्या डोक्यावर बाण असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला हवा. तुम्हाला माहीतच असणार म्हणा. मला नव्हतं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा मधलं पॅकिंगच राहिलं. परत उघडलं. दुसऱ्यांदा बाण उलटा. परत उघडलं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक हसायचा आधी, आता नाही हसत. आता मला बघितलं की दुकानात आत जातो.

कशासाठी म्हणता? तुम्ही नाही म्हणालात, पण चेहऱ्यावर आहे तुमच्या. सांगते. हे गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करायचे. तिथून उतार आहे, गाडी आपोआप दारापर्यंत यायची — पेट्रोल वाचतं म्हणे. मी चिडवायची, केवढं वाचलं, एक इमला बांधू. पण चहाचं आधण मी त्या बंद होण्यावर टाकायची. आवाज यायचा, यायचा, मग शेवटी एकदा खोकल्यासारखं व्हायचं आणि गप्प. तेवढंच पाहिजे मला. ते खोकणं आणि गप्प होणं. ह्यांचा आवाज आठवत नाही हो आता. बोललेलं सगळं आठवतं, शब्द न् शब्द, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

म्हणून म्हणते, सांगाडा न्या, चाकं न्या, टाकी न्या, इंजिन तेवढं राहू द्या. नाही — सांगाडा नेलात तर हे बसवायचं कशात? नका नेऊ. थोडे दिवस द्या. जोडून झालंच आहे, हेड, वरचं झाकण, आवळलं काल, आता फक्त —

काय बघताय? त्या वाटीत? ती तार आहे बारीकशी, रिंगसारखी.

तुम्ही ओळखलंत. हो, पिस्टनच्या पिनीचं लॉक. दोन असतात, दोन्ही बाजूंना एकेक. आत एकच आहे. असं चालू केलं तर पिन सरकेल आणि सिलिंडर आतून खरवडून निघेल, माहीत आहे मला, मेकॅनिकनं दहादा बजावलंय. चालू करणार नव्हतेच मी. आज परत उघडणार होते.

विसरले नाही हो. या वेळी नाही विसरले. हातात होतं ते, आणि मी वाटीत ठेवलं आणि हेड लावून टाकलं.

कारण सगळं नीट बसलं आणि किक मारली आणि आवाज दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीसारखा आला, तर? मग मी कशाची वाट बघू?

नका, पाणी नको मला. तुम्ही बसा — नको, बसूही नका. भावोजींना सांगा, इंजिन अजून उघडंच आहे, वहिनी म्हणते एक भाग मिळत नाही. एवढं सांगाल ना? तो पाना द्या इकडे, तुमच्या हाताशी आहे तो. आणि जाताना टेम्पो चालू कराल तो गल्लीबाहेर नेऊन करा. उतार दारापुढेही आहे, गल्लीच्या त्या टोकापर्यंत. ढकलला की जातो.