दहा लाख नऊ

मैनाबाई : थांबा न शास्त्रीबुवा! तो कागद चिंतामणच्या हाती देऊ नका.

हरिहरशास्त्री : का बरं? कापसाच्या गाड्यांबरोबर तो अकोल्याला निघालाय. तिथल्या जोशीबुवांना दाखवेल. इथं अमरावतीत दाखवू कुणाला? पोरं वेचणीला, बाप बाजारात. परदेशात लढाई लागून कापसाला सोन्याचा भाव काय आला, कापसाखेरीज कुणाला काही सुचत नाही.

मैनाबाई : काय लिवलं त्यात?

हरिहरशास्त्री : की दहा लाख नऊ हा आकडा कशानंच पुरा भागला जात नाही. हजारापर्यंत भागून पाहिलं की झालं, पुढे पाहावं लागत नाही. तीनशेपर्यंत आमच्या कुटुंबानं, रमेनं पाहिलं, पुढचं मी. ती देवाघरी गेल्यावर दोन वर्षं एकट्यानं रेटलं. घर खायला उठायचं, मग पाटी घेऊन बसायचो. काल संपलं.

मैनाबाई : रमाताईच्या वाट्यात एक चूक हाय.

हरिहरशास्त्री : तिचा भागाकार कधी चुकला नाही. आणि तुम्ही आमच्या परसात सरकी काढायला येत होता, मैनाबाई. अंक शिकायला नव्हे.

मैनाबाई : मले कायचे अंक येतेत! तिनंच सांगतलं. तीन शेकडे, त्यातले सात कमी. त्यानं भागून पाहा.

हरिहरशास्त्री : दोनशे त्र्याण्णव? चार उरतात. तिनंच सांगितलं होतं मला.

मैनाबाई : तरी पाहा.

(शास्त्रीबुवा नाइलाजानं धूळपाटी पुढे ओढतात.)

हरिहरशास्त्री : तीन वेळा... आठशे एकोणऐंशी. मग चार वेळा. मग एकदा. आता राहिले... पुन्हा आठशे एकोणऐंशीच. म्हणजे तीन वेळा. अहो, काहीच उरत नाही!

मैनाबाई : तिले ठावं होतं.

हरिहरशास्त्री : आणि मला चार सांगितले? माझ्याशी खोटं बोलली?

मैनाबाई : रागावू नका. म्हणे, आकडा फुटला त हे दुपारचे माह्यापाशी काहून बसतीन? सासू दारात, दीर ओसरीवर. नवरा-बायको दिवसाढवळ्या बोलून राहिले त लोक हासतेत. पाटी मधात असली का कोणी काही म्हणे नाही.

हरिहरशास्त्री : आईला वाटायचं, पंचांगाचं गणित चाललंय.

मैनाबाई : मले शपथ घातली होती तिनं. आता चार लोकांत तुमचं हसं होईन, म्हून मोडली.

हरिहरशास्त्री : आधी मी हजाराच्या आतला आकडा घेणार होतो. चार दिवसांत उरकला असता. मुद्दाम एवढा मोठा घेतला.

मैनाबाई : काहून?

हरिहरशास्त्री : लवकर संपू नये म्हणून.

मैनाबाई : अरे देवा! मंग हे तिले कधी सांगतलं काहून नाही?

हरिहरशास्त्री : आम्ही आकड्यांचंच बोलायचो, मैनाबाई.