रिकामा ड्रायर

सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे उभे असलेले वृद्ध गृहस्थ दुकानदाराला आपल्या यंत्राची व्यथा सांगत होते.

“ड्रायर नुसता खडखडतोय. घर डोक्यावर घेतो.”

“कपडे भरल्यावर, की रिकामा असताना?”

“रिकामाच असतो.”

“मग ड्रमखालचे रोलर झिजलेत. बदलले की चिडीचूप. पण काका, रिकामा फिरवता कशाला? वीज फुकट येते का?”

“सूनबाई लावते. माझा मुलगा गेल्यापासून दार लावून ड्रायरशेजारी बसते. रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून.”

“आणि तुम्ही कुठे रडता, काका?”

“माझं काय! मी म्हातारा माणूस.”

“रोलर देऊ?”

“आज नको. आधी दार वाजवतो. म्हणतो, पोरी, मलाही आत घे.”